भूल देणाऱ्याची डोकेदुखी

प्रतिनिधी, ठाणे

नौपाडा म्हटले की गोखले रोडवरची दुकाने आणि रस्त्यावरची वर्दळ डोळ्यांपुढे येते. त्याच रस्त्याला फुटणाऱ्या गल्ल्यांतून जरा आत शिरले, की इमारतींच्या पहिल्या मजल्यांवर प्रसूतिगृहांच्या पाट्या दिसू लागतात. अशा कोणत्याही प्रसूतिगृहात अधूनमधून एक दृश्य पाहायला मिळते. सिझेरियन होऊन दोन दिवस झालेले असतात, बाळ सुखरूप असते, टाकेही फारसे दुखत नसतात. पण बाळाला पाजायला म्हणून आई उठून बसते आणि तिचे डोके असे काही ठणकू लागते की तिला बाळ दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते. आडवी झाली की काही मिनिटांत ठणका ओसरतो, उठली की पुन्हा सुरू होतो. भेटायला आलेल्या वडीलधाऱ्या बायका वारा लागल्याचे निदान करतात. कानाला फडके बांधले जाते. कोणी जागरणाला दोष देते, तर कोणी अशक्तपणाला. बाळंतीण म्हटल्यावर एवढे सोसावेच लागते, अशी समजूतही घातली जाते.

या डोकेदुखीला वाऱ्याशी काही देणेघेणे नाही. तिचे कारण ठाऊक आहे आणि तिच्यावर उपायही आहे. विशेष म्हणजे, उठताच सुरू होणाऱ्या आणि निजताच थांबणाऱ्या या ठणक्याची तपशीलवार नोंद प्रथम एका डॉक्टरनेच, स्वतःच्या अंगावर भोगून, करून ठेवली. १८९८ सालच्या ऑगस्ट महिन्यात या डॉक्टरने नऊ दिवस अंथरुणात काढले. त्यांचे नाव ऑगस्ट बीअर. आज सिझेरियनच्या वेळी पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला जातो, ती पद्धत रूढ होण्याची सुरुवात त्यांच्यापासून झाली. भूल आणि भुलीची डोकेदुखी या दोहोंचा इतिहास असा एकाच माणसापाशी येऊन मिळतो.

बीअर यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८६१ रोजी जर्मनीतील वाल्डेक या छोट्या संस्थानातल्या हेल्सेन गावी झाला. वडील जमिनीची मोजणी करणारे होते. शेत, रान आणि शिकार यांची ओढ बीअर यांना लहानपणीच लागली आणि ती अखेरपर्यंत सुटली नाही. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी बर्लिन, लाइपझिग आणि कील या तीन विद्यापीठांत घेतले. बाल्टिक समुद्रावरील कील बंदरात तेव्हा फ्रीडरिश फॉन एस्मार्ख हे नामवंत शल्यविशारद होते. हातापायावर रबरी पट्टा आवळून रक्तस्राव रोखण्याची त्यांची युक्ती जगभर वापरली जात होती. १८८६ मध्ये पदवी घेतल्यावर बीअर याच एस्मार्ख यांच्या हाताखाली शस्त्रक्रियेत तयार झाले.

त्या काळात शस्त्रक्रियेपूर्वी ईथर किंवा क्लोरोफॉर्म हुंगवून रुग्णाला बेशुद्ध करीत. १८४० च्या दशकापासून ही सोय होती. पण मात्रा थोडी चुकली तर श्वास किंवा हृदय थांबण्याचा धोका असे. शुद्धीवर आल्यावर होणाऱ्या उलट्या वेगळ्याच. आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये, म्हणजे बीअर यांच्याच वर्षी, फिलाडेल्फियातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. प्रसूतिशास्त्र हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. बाळंतपणाच्या वेदनेवर त्या पिढीच्या डॉक्टरांजवळ क्लोरोफॉर्मसारख्या हुंगवण्याच्या औषधांपलीकडे फारसे काही नव्हते. रुग्ण जागा राहील आणि तरीही त्याला दुखणार नाही, ही कल्पना तोवर स्वप्नातच होती.

ते स्वप्न जवळ आणणाऱ्या दोन गोष्टी मात्र याच सुमारास घडल्या. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करता येतो हे दाखवून दिले. त्यानंतर १८९१ मध्ये कीलमधीलच हाइनरिश क्विंके यांनी कमरेच्या दोन मणक्यांमधून पोकळ सुई सरकवून आतले पाणी काढण्याची पद्धत सांगितली. न्यूयॉर्कच्या जेम्स लिओनार्ड कॉर्निंग यांनी १८८५ मध्येच मणक्यांच्या जवळ कोकेन टोचून पाहिले होते. पण शस्त्रक्रियेसाठी त्याचा उपयोग तेव्हा झाला नाही. क्विंके यांची सुई आणि कोलर यांचे औषध एकत्र आणण्याचे काम बीअर यांच्या हातून व्हायचे होते.

१६ ऑगस्ट १८९८ रोजी कीलच्या रुग्णालयात ३४ वर्षांचा एक मजूर शस्त्रक्रियेसाठी आला. क्षयाने त्याचा घोटा सडला होता. पूर्वी भूल देताना त्याला फार त्रास झाला होता. बीअर यांनी त्याच्या कण्यात सुई घालून १५ मिलिग्रॅम कोकेन सोडले. थोड्याच वेळात पाय बधिर झाले. रुग्ण जागा असताना, वेदना न होता, घोट्याचे सडलेले हाड काढण्यात आले. त्यानंतर कमरेखालच्या आणखी पाच शस्त्रक्रिया याच रीतीने पार पडल्या. मात्र पुढच्या काही तासांत काही रुग्णांना उलट्या झाल्या आणि डोके भयंकर दुखू लागले. हे कोकेनमुळे होते की आणखी कशामुळे, हे बीअर यांना उमगेना. रुग्णाच्या सांगण्यावरून नेमका बोध होत नाही, तेव्हा आपणच अनुभव घ्यावा असे त्यांनी ठरवले.

२४ ऑगस्टच्या संध्याकाळी त्यांनी आपले साहाय्यक ऑगस्ट हिल्डेब्रांट यांना आपल्या पाठीत सुई घालायला सांगितले. सुई बरोबर जागी गेली. पण पिचकारीचे तोंड तिला नीट बसेना. खटपटीत कोकेनचा बराचसा भाग बाहेर सांडला आणि सुईवाटे कण्यातले पाणी भरपूर वाहून गेले. बीअर यांचे पाय काही बधिर झाले नाहीत. प्रयोग तिथेच थांबवावा लागला. तेव्हा हिल्डेब्रांट यांनी स्वतःची पाठ पुढे केली. या वेळी बीअर यांनी ५ मिलिग्रॅम कोकेन बिनचूक आत सोडले.

पुढचा पाऊण तास हिल्डेब्रांट यांच्या पायांवर जे जे करण्यात आले ते आज वाचताना अंगावर शहारे येतात. मांडीला सुया टोचल्या, छोटा छेद घेतला, लांब सुई हाडापर्यंत खुपसली, पेटती सिगार टेकवली, नडगीवर लोखंडी हातोडी हाणली. हिल्डेब्रांट यांना स्पर्श कळत होता, सिगारची ऊबही जाणवत होती. दुखत मात्र नव्हते. ४५ मिनिटांनी बधिरता उतरू लागली. प्रयोग फत्ते झाल्याच्या आनंदात दोघांनी एकत्र जेवण केले, वाइन घेतली आणि सिगारही ओढल्या.

किंमत चुकवावी लागली ती नंतर. हिल्डेब्रांट यांना त्याच रात्री उलट्या आणि डोकेदुखी सुरू झाली. त्यांची नडगी काळीनिळी पडली होती. तशाच अवस्थेत ते कामावर जात राहिले. बीअर रात्रभर शांत झोपले, सकाळी ताजेतवाने उठून फिरायलाही गेले. परतताना डोके किंचित जड वाटू लागले. दुपारपर्यंत चेहरा पांढराफटक पडला, खुर्चीतून झटकन उठताच घेरी येऊ लागली. अंथरुणावर आडवे झाले की सगळे जागच्या जागी थांबे, उठले की परत सुरू होई. संध्याकाळी त्यांनी जे अंथरूण धरले ते नऊ दिवस सुटले नाही.

इथेच बीअर यांच्यातला निरीक्षक दिसतो. त्यांच्या शरीरात कोकेन फारसे गेलेच नव्हते, मग डोकेदुखी औषधाने आली असे म्हणता येत नव्हते. गेले होते ते कण्यातले पाणी. तेव्हा दुखण्याचे मूळ या पाण्याच्या गळतीत असावे, असा तर्क त्यांनी केला. फसलेल्या प्रयोगातून मिळालेला हा निष्कर्ष यशस्वी प्रयोगाइतकाच मोलाचा ठरला. सुई बारीक असावी, पाणी कमीत कमी जाऊ द्यावे आणि रुग्णाला विश्रांती द्यावी, असे त्यांनी सुचवले. आपली आणि सहकाऱ्याची फजिती न लपवता त्यांनी १८९९ मध्ये सारा वृत्तान्त जर्मन शल्यविज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

बीअर यांचा तर्क पुढे खरा ठरला. आपला मेंदू आणि मज्जारज्जू एका पातळ पिशवीत, पाण्यासारख्या स्वच्छ द्रवात तरंगत असतात. हा द्रव साधारण १५० मिलिलिटर असतो. रोज अर्धा लिटरच्या आसपास नवा तयार होतो आणि तेवढाच शोषला जातो. सुमारे १४०० ग्रॅमचा मेंदू या द्रवात तरंगतो म्हणून त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅम जाणवतो. पिशवीला भोक पडून द्रव झिरपू लागला, की आतला दाब उतरतो. माणूस उभा राहिला की आधार सुटलेला मेंदू खाली ओढला जातो, त्याच्या आवरणांवर ताण पडतो, शिरा फुगतात आणि डोके ठणकू लागते. कपाळ, मान, खांदे दुखतात. कधी कानात आवाज येतात, मळमळते, क्वचित एकाचे दोन दिसतात. आडवे होताच ताण सुटतो. एवढ्या एका खुणेवरून अनुभवी डॉक्टर हे दुखणे ओळखतात.

स्वतः बीअर मात्र आपल्या शोधाचा डंका पिटत बसले नाहीत. कोकेन विषारी आहे, अधिक सुरक्षित औषध मिळेपर्यंत सबुरीने घ्यावे, असा त्यांचा पवित्रा होता. पण पद्धतीचा प्रसार थांबला नाही. पॅरिसच्या थिओडोर ट्युफिए यांनी ती युरोपभर नेली. १९०० मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे ऑस्कर क्राइस यांनी सहा स्त्रियांना प्रसूतीच्या वेळी कण्यात कोकेन दिले. शस्त्रक्रियेच्या टेबलावरील भूल अशी दोन वर्षांत बाळंतिणीच्या खाटेपर्यंत पोचली. तिच्या मागोमाग डोकेदुखीही पोचली. तरुण स्त्रियांना आणि त्यातही गर्भवतींना ही डोकेदुखी अधिक गाठते, हे पुढे अनुभवाने कळले.

बीअर यांची कारकीर्द यानंतर चढत गेली. ग्राइफ्सवाल्ड आणि बॉन येथे प्राध्यापकी करून १९०७ मध्ये ते बर्लिनला आले. गुरू एस्मार्ख यांचा पट्टा हाताला बांधून शिरेतून औषध सोडायचे आणि तेवढाच हात बधिर करायचा, ही युक्ती त्यांनी १९०८ मध्ये सांगितली. ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या बारीक ठिकऱ्यांनी सैनिकांची डोकी फुटताना त्यांनी पाहिली. हानोव्हरचे अभियंते फ्रीडरिश श्वेर्ट यांच्याबरोबर त्यांनी पोलादी शिरस्त्राणाचा पाठपुरावा केला. १९१६ मध्ये ते जर्मन सैनिकांच्या डोक्यावर आले. १९२० मध्ये बर्लिनला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू झाले, त्याचे पहिले प्रमुख बीअरच होते.

त्यांच्या आयुष्यात वादांनाही तोटा नव्हता. १९२५ मध्ये त्यांनी होमिओपॅथीकडे सहानुभूतीने पाहावे असा लेख लिहिला आणि जर्मन वैद्यकविश्व त्यांच्यावर तुटून पडले. १९३७ मध्ये नाझी राजवटीने नोबेलला पर्याय म्हणून काढलेला राष्ट्रीय पुरस्कार त्यांना आणि शल्यविशारद सावरब्रुख यांना विभागून देण्यात आला आणि त्यांनी तो स्वीकारला. चरित्रातली ही नोंद टाळून पुढे जाता येत नाही.

म्हातारपणी त्यांचे मन रमले ते रानात. बर्लिनच्या आग्नेयेस झाउएन येथे त्यांनी १९१२ मध्ये जमीन घेतली होती. रेताड माती आणि तिच्यावर एका जातीचे पाइन, एवढेच तिथे होते. बीअर यांनी त्यात नाना जातींची पानझडी झाडे लावली. विरोधी गोष्टींच्या मेळातून सृष्टी उभी राहते, असे मानणारा ग्रीक तत्त्वज्ञ हेराक्लायटस त्यांचा लाडका होता. ते तत्त्व त्यांनी मातीत रुजवून पाहिले. हळूहळू माती सुधारली, मिश्र जंगल उभे राहिले. १२ मार्च १९४९ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, झाउएन येथेच त्यांचे निधन झाले. त्यांना त्याच जंगलात पुरण्यात आले.

ज्या डोकेदुखीने त्यांना नऊ दिवस निजवले तिच्यावरचा नेमका उपाय त्यांच्या हयातीत निघाला नाही. १९५१ मध्ये पेन्सिलीच्या टोकासारख्या आकाराची सुई आली. ती पिशवीचे धागे कापत नाही, बाजूला सारते. अशा बारीक सुईमुळे डोकेदुखीचे प्रमाण खूप घटले. आता ते शंभरात एकदोघींच्या आसपास असते. मात्र वेदनारहित प्रसूतीसाठी एपिड्युरल देताना जाड सुई वापरावी लागते. ती चुकून पिशवीत शिरली तर निम्म्याहून अधिक स्त्रियांना हा त्रास होतो.

उपाय सापडला तोही एका साध्या निरीक्षणातून. सुई घालताना ज्या रुग्णांना थोडे रक्त येते त्यांचे डोके कमी दुखते, हे अमेरिकी शल्यविशारद जेम्स गॉर्मली यांच्या ध्यानात आले. १९६० मध्ये त्यांनी रुग्णाचेच दोन-तीन मिलिलिटर रक्त काढून पिशवीबाहेर, भोकाजवळ सोडले. रक्त गोठले आणि भोकावर जणू ठिगळ बसले. १९७० मध्ये डिजिओव्हानी आणि डनबार यांनी १० मिलिलिटर रक्त वापरून ४५ रुग्णांवर हा उपाय केला. त्यांपैकी ४१ जणांना आराम पडला. आज साधारण २० मिलिलिटरपर्यंत रक्त वापरतात. पुढच्या अभ्यासांत यशाचे प्रमाण याहून कमी भरले. काहींना दुसऱ्यांदा ठिगळ द्यावे लागते. तरीही तीव्र त्रासावर ब्लड पॅचइतका खात्रीचा उपाय अजून दुसरा नाही.

अर्थात प्रत्येकीला ठिगळ लागत नाही. बहुतेकींचे भोक आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप बुजते. तोवर विश्रांती, पुरेसे पाणी, डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी, थोडी चहा-कॉफी एवढ्यावर भागते. भूल दिल्यावर चोवीस तास उशी न देता सपाट निजवून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे अनेक ठिकाणी अजून आहे. त्याने डोकेदुखी टळत नाही, असे अभ्यास सांगतात. बाळंतिणीला तेवढा वेळ उगाच अडकवून ठेवले जाते, इतकेच.

कण्यात सुई गेलेली नसतानाही हे दुखणे होऊ शकते. जर्मनीच्याच गेओर्ग शाल्टेनब्रांट यांनी १९३८ मध्ये त्याचे वर्णन केले. पिशवी कुठेतरी आपोआप विरते आणि द्रव झिरपतो. फार विरळा असले तरी गरोदरपणातही असे घडल्याच्या नोंदी आहेत. अशा वेळी औषधे आणि तपासण्या जपून निवडाव्या लागतात. एमआरआय करता येतो, पण शिरेतून द्यायचे रंगद्रव्य शक्यतो टाळतात. कॉफीवर भिस्त ठेवता येत नाही, कारण गरोदरपणी दिवसाला २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन घेऊ नये असा सल्ला आहे. विश्रांतीने उतार पडला नाही तर ब्लड पॅच गरोदरपणातही देता येतो. प्रसूती कशी करायची हे स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ मिळून ठरवतात.

एक इशारा मात्र घरोघरी ठाऊक असावा. गरोदर स्त्रीची किंवा बाळंतिणीची प्रत्येक डोकेदुखी याच जातीची नसते. रक्तदाब वाढलेला असू शकतो, मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. निजूनही न थांबणारे डोके, धूसर दिसणे, ताप, झटका, गुंगी किंवा हातापायातली शक्ती जाणे यांपैकी काहीही दिसले तर तासाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील २१.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे पाव भाग होते. त्यांतल्या बहुतेक स्त्रियांनी बीअर यांच्याच पद्धतीची भूल घेतली असणार. ही भूल सुरक्षित आहे, तिला घाबरण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो नंतरच्या दुखण्याकडे पाहण्याच्या दृष्टीचा. बीअर यांनी डोके दुखते म्हणून नऊ दिवस अंथरूण धरले तेव्हा त्यांना कोणी नाजूक ठरवले नाही. ते प्राध्यापक झाले आणि त्यांचे दुखणे वैद्यकाच्या ग्रंथांत गेले. तेच दुखणे घेऊन नौपाड्यातल्या खोलीत पडलेल्या बाळंतिणीला मात्र, कांगावा करते, हे ऐकावे लागते. बसल्यावर दुखते की निजल्यावर, एवढा एक प्रश्न तिला कोणी विचारला आणि उत्तर ऐकून भूलतज्ज्ञाला बोलावले, तर पुष्कळ काही साधेल. डोक्याला फडके बांधण्याआधी हा प्रश्न विचारला जावा.